दुसऱ्या नावापुढचा चौकोन

टेबलावर अकरा वस्तू होत्या. बेकारी भत्त्याचे दोन दाखले, एक एमिलकाकाच्या नावाचा, एक डोलोरेस तेताच्या, म्हणजे काकूच्या. मॅपल गार्डन हॉलकडून आलेले पगाराचे दोन दाखले. फेब्रुवारीत भरलेल्या कर-विवरणपत्राच्या दोन प्रती, एक केंद्र सरकारची आणि एक ओहायो राज्याची. निम्मा भरलेला, गार झालेला कॉफीचा कप. दोन पेनं, त्यातलं एक सुकलेलं. तेताचा चष्मा. आणि कॉफीचाच एक जुना पत्र्याचा डबा, कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यांनी गच्च भरलेला.

"मोजून झालं असेल तर बस आता," काका म्हणाला. "प्रोफेसर आली की आधी मोजमाप. पोलीस पंचनाम्याला आल्यासारखं वाटतं."

मी प्रोफेसर नाही. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मला तेव्हा एक वर्ष झालं होतं आणि सगळ्या प्रयोगशाळा नोकरभरती थांबवून बसल्या होत्या, म्हणून मी स्ट्रथर्सच्या वाचनालयात लोकांची विवरणपत्रं फुकट भरून द्यायचं काम करत होते. पण आमच्या घराण्यात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे काकाने हे नाव मी अठरा वर्षांची असतानाच ठेवलं होतं.

२०२१ च्या मे महिन्यातला शेवटचा शनिवार. तेताला जाऊन दहा आठवडे झाले होते.

काम साधं होतं. मार्चमध्ये वॉशिंग्टनने ठरवलं होतं, की टाळेबंदीच्या वर्षात मिळालेल्या बेकारी भत्त्यातल्या पहिल्या दहा हजार दोनशे डॉलरवर कर नाही. नवरा-बायको दोघांना भत्ता मिळाला असेल तर दोघांना ही सूट वेगवेगळी. केंद्राचा कर ते आपणहून पुन्हा मोजणार होते. राज्याने तोच नियम महिनाअखेरीला उचलला, पण ज्यांनी आधीच भरलं होतं त्यांनी राज्याला सुधारित विवरणपत्र स्वतः पाठवायचं होतं. काका-तेताने फेब्रुवारीच्या दुसऱ्याच आठवड्यात भरलं होतं. एप्रिलचं काम फेब्रुवारीत उरकायचं, ही तेताची पद्धत. वॉशिंग्टनने कायदा केला तेव्हा ती होती. राज्याने केला तेव्हा नव्हती.

"पाचशे चौऱ्याण्णव डॉलर परत येतील," मी म्हणाले. "गसचे चारशे पंचवीस देऊन वर उरतील."

काकाने टेबलावरचा तेताचा चष्मा उचलला. चष्म्याची काडी उघडली, मिटली.

गस पनेला कबरींचे दगड घडवतो. टेकडीवरच्या दफनभूमीत काका-तेताचा जोडदगड त्यानेच बारा वर्षांपूर्वी बसवला होता. दोघांची नावं, दोघांची जन्मवर्षं, पुढे एकेक आडवी रेघ आणि रेघेपुढे कोरी जागा. तशी पद्धतच आहे आमच्याकडे. चांगली जागा आणि जुना भाव मिळतोय तोवर लोक दगड घेऊन ठेवतात. पण मागे राहिलेला माणूस कधीकधी वर्ष कोरून घ्यायचं विसरतो, किंवा विसरल्यासारखं करतो. अशा दगडांपाशी तेता हटकून थांबायची. "ही बघ, मेरी कोलार. एकवीस वर्षं झाली पुरून, कागदोपत्री अजून जिवंत. एमिल, माझा दगड अर्धा ठेवशील तर बघ." काका हसून हो म्हणायचा. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यातून फोनवर तिने पुन्हा कबूल करून घेतलं, तेव्हा काका हसला नाही, पण हो म्हणाला होता.

आणि आता तो म्हणत होता, पैसे नाहीत. ते खोटं नव्हतं. अंत्यविधीत होतं नव्हतं ते गेलं होतं. गस म्हणाला, पैसे मागाहून दे. काका म्हणाला, गसकडे उधारी नको. माझ्या आईने चेक पुढे केला, तर काकाच्या कोटाच्या खिशात तिने ठेवलेला तो तसाच परत तिच्या पर्समध्ये निघाला. आईने मग मला पाठवलं. "त्याच्याच हक्काचे पैसे आहेत म्हणावं. ते तरी घेईल. आणि घेतले की मग सबब काय सांगतो बघू."

"कुठे सही करायची?" काकाने विचारलं.

मी सुधारित विवरणपत्र त्याच्यापुढे सरकवलं. वर दोन नावं: हुडाक, एमिल, हुडाक, डोलोरेस. प्रत्येक नावापुढे एक छोटा चौकोन आणि त्याच्याशी बारीक अक्षरांत: मृत असल्यास खूण करा.

"ही खूण तूच केलेली बरी," मी म्हणाले. "आणि खाली दोन ठिकाणी सही. तुझी, आणि तिच्या ठिकाणीही तुझीच."

त्याने पेन उचललं. जे सुकलं होतं नेमकं तेच. ते हातात धरून त्याने कागद जवळ ओढला.

"आधीच्याला नव्हती लागली ही खूण."

"आधीच्या वेळी ती होती, काका."

"तिने याच खुर्चीवर बसून सही केली. 'हं, झालं एक काम,' म्हणाली." पेन खाली ठेवलं. "असं कर. माझं तेवढं दुरुस्त कर. माझे दहा हजार दोनशे वगळ. तिचं आहे तसं राहू दे."

"तसं नाही करता येत. विवरणपत्र दोघांचं मिळून आहे."

"मग दोघांचं पाठव. आकडा फक्त माझा बदल. तिच्या भत्त्यावर कर घेऊ दे राज्याला. घेतलाय ना एकदा? ठेवू दे."

"तरी तिच्या नावापुढे खूण लागेलच. आणि मग गसच्यापुरतेही पैसे येणार नाहीत."

"नाही तर नाही."

"काका, ती काय म्हणाली होती—"

"काय म्हणाली होती ते मला माहीत आहे!" तो उठला. "मी होतो फोनवर. तू नव्हतीस." मागचं दार वाजलं. खिडकीतून दिसत होतं, तो बागेच्या नळाशी जाऊन उभा राहिला आणि मिरचीच्या रोपांना पाणी घालू लागला. ती रोपं तासाभरापूर्वीच, मी आले तेव्हा, त्याने भिजवली होती.

मी तिथेच बसून राहिले. स्वयंपाकघरात अजून भाजलेल्या अक्रोडाचा वास होता, निदान मला तरी येत होता. पृष्ठभागावर शोषले गेलेले रेणू किती काळ टिकतात हे मी शिकले आहे. दहा आठवडे म्हणजे फार झाले. पण पडद्यांना येत होता वास.

मॅपल गार्डनचा, काका-तेता काम करत त्या लग्नाच्या हॉलचा, वासही हाच होता. आमच्या भागातल्या लग्नांत केक कोणी फारसं बघत नाही. बघतात ते कुकींचं टेबल. नवऱ्या मुलीच्या मावश्या, आत्या, शेजारणी महिनाभर आधीपासून भाजत असतात आणि लग्नाच्या दिवशी हॉलच्या एका भिंतीला लांबच लांब टेबल लागतं: अक्रोडाच्या वळकट्या, जाळीदार पापड्या, जर्दाळू भरलेल्या कोलाच्की, आणि मधोमध तेताच्या क्रीमच्या नळ्या. पिठाची पट्टी लाकडी चिमट्याभोवती गुंडाळायची, भाजायची, गरम असतानाच चिमटा ओढून काढायचा आणि पोकळीत क्रीम भरायचं. ओढताना दहातली एक मोडते. लहानपणी माझा असा समज होता, की मोडलेल्या नळ्या हा एक वेगळा प्रकार आहे आणि तो फक्त आमच्या घरातल्या मुलांसाठी करतात.

तेता हॉलच्या भटारखान्यात नोकरीला होती आणि हे टेबल मांडायचं काम तिचं. काका समोरच्या भिंतीला, बारच्या मागे. त्या दोन भिंतींच्या मधे तीनशे माणसं पोल्का नाचत असायची आणि नाचणाऱ्यांच्या डोक्यांवरून ती दोघं एकमेकांशी खुणांनी बोलायची. तेता दोन बोटं वर करायची: बदामाच्या दोनच थाळ्या उरल्या. काका मूठ आपटायचा: नवऱ्या मुलाच्या बापाला आता पुरे. वऱ्हाड उरलेल्या कुकी खोक्यांत भरून घरी नेई, बँडवाले अकॉर्डियन पेटीत घालत, दिवे अर्धे मालवले जात, आणि मग ती दोघं बिअरच्या उपड्या क्रेटवर बसून एकाच बशीतला चुरा खात. तिच्या पायांतले बूट तोवर निघालेले असत. "काय बघतेस?" तेता मला म्हणायची. "हेच आमचं लग्न. दर शनिवारी." 

२०२० च्या मार्चमध्ये हॉल बंद झाला आणि हिवाळ्यात विकला गेला. आता तिथे टायर ठेवतात.

पुढच्या दाराची घंटा वाजली. मिसेस वास्को होत्या, आयरीन वास्को, भटारखान्यात वीस वर्षं तेताच्या हाताखाली काम केलेल्या. हातात एक पाकीट.

"एमिल कुठाय?"

"मागे. मिरच्यांना बुडवतोय."

"बुडवू दे." त्या आत येऊन डब्यापाशी गेल्या. "हे चिमटे न्यायला आले. आपल्या हॉलातल्या पॅटीच्या मुलीचं लग्न ऑगस्टात धरलंय, गेल्या वर्षीचं राहिलेलं. चर्चच्या मैदानावर मांडव घालणार. माझे चिमटे नवे आहेत, त्यांना पीठ चिकटतं. डोलोरेसचे तुपात मुरलेत."

काका दारात येऊन उभा राहिला. पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती.

"ने," तो म्हणाला. "परत आण."

"नाही तर काय कपडे वाळत घालणार आहे मी त्यांनी?" मिसेस वास्कोंनी पाकीट उघडलं. "आणि हे. हॉल रिकामा करताना मी कार्डं उचलून आणली होती. तिचं हे."

थाळीपुढे उभं करायचं कार्ड होतं ते, कडांना तुपाचे डाग. तेताच्या ताठ अक्षरात: डोलोरेस हुडाक, क्रीमच्या नळ्या.

मॅपल गार्डनच्या बायकांचा एक नियम होता. थाळी कोणीही भाजो, कार्डावर नाव जिची कृती तिचं. ती बाई गेली तरी नाव निघत नाही. फक्त नावापुढे एक छोटा क्रॉस येतो. आणि पहिला क्रॉस घरच्या माणसाने काढायचा. नंतर कार्ड खराब झालं, नवं केलं, तर मग कोणीही काढो.

मिसेस वास्को यातलं काही बोलल्या नाहीत. कार्ड टेबलावर ठेवलं आणि डबा काखेत मारला.

"आता लागलीच नको. ऑगस्टात लागेल."

"तू करणार आहेस नळ्या?" काकाने विचारलं.

"मग कोण?"

"तुझ्या मोडतात फार."

"मोडतात तर मोडतात. तुझ्या बशीत टाकीन." त्या निघाल्या, दारातून मला म्हणाल्या, "याला जेवायला घाल गं काहीतरी. सुकून त्या चिमट्यासारखा झालाय."

दार लागलं. काका खुर्चीवर बसला. कार्ड उचललं, लांब धरलं, मग तेताचा चष्मा डोळ्यांना लावला. त्याचा नंबर वेगळा आहे. त्याला त्यातून काय दिसलं असेल मला सांगता येणार नाही.

"दुसरं पेन दे," तो म्हणाला.

त्याने नावापुढे क्रॉस काढला. छोटा, आधी उभी रेघ, मग आडवी. शाई वाळेपर्यंत कार्ड धरून बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझा तो कागद आण."

मी कागद पुढे ठेवला. त्याने वाकून चौकोनात खूण केली आणि जोरात श्वास सोडला. मी कागद माझ्याकडे फिरवून बघितला.

"काका."

"काय?"

"ही तुझ्या नावापुढे केलीस."

त्याने चष्मा काढला. वाकून बघितलं. पहिल्या नावापुढे, हुडाक, एमिल, नीटस फुली होती.

"म्हणजे मी मेलो?"

"ओहायो राज्यापुरता."

"आणि ती?"

"ती जिवंत. सगळा रिफंड तिला."

तो आधी खांद्यांनी हसला, मग आवाजाने, आणि मग ते हसणं राहिलं नाही. मी नळाचं पाणी आणून दिलं. ते पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "खोडून नाही चालणार?"

"मेलेला माणूस खोडून जिवंत केला तर राजधानीतले, कोलंबसचे कारकून चौकशी लावतील. मी मंगळवारी वाचनालयात नवी प्रत छापते."

"मी येतो तिथे," काका म्हणाला. "घरात नको आता हे."

मंगळवारी तो दाढी करून आला, लग्नाला बारवर उभा राहताना घालायचा तो पांढरा शर्ट घालून. मी नवी प्रत दिली आणि त्याच्यासोबत जायचा दुसरा कागद, ज्यावर दुरुस्तीचं कारण लिहायचं असतं.

"कारण काय लिहिलंयस?"

"मूळ विवरणपत्र भरल्यानंतर कायदा बदलला."

"चूक झाली असं नाही ना लिहिलं कुठे?"

"नाही."

"डोलोरेसने भरलं होतं ते. आकडा न् आकडा तिने दोनदा बघितला होता."

"मीही बघितला. सगळं बरोबर आहे."

"मग तसं लिही."

"त्याची गरज नसते, काका."

"त्यांना नसेल."

मी खाली आणखी एक ओळ लिहिली: मूळ विवरणपत्र त्या वेळच्या कायद्यानुसार अचूक होतं. काकाने ती वाचली आणि मान हलवली. मग पेन घेतलं, यावेळी स्वतःचा चष्मा लावला, बोटाने पहिलं नाव झाकलं आणि दुसऱ्या नावापुढच्या चौकोनात खूण केली. खाली स्वतःची सही केली. तिच्या सहीच्या जागी काय लिहायचं, ते मी सांगितलं: त्याचं नाव, आणि त्यापुढे 'हयात पती'.

"हयात," तो म्हणाला. "शनिवारी मेलो होतो. बघ, लेखी मिळालं."

पाकीट त्याने स्वतः टपालपेटीत टाकलं, झाकण दोनदा वाजवून बघितलं.

पैसे जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आले, मी सांगितले होते तेवढेच. त्याच संध्याकाळी काकाने गसला फोन केला. मी शेजारीच होते. बोलणं फार झालं नाही. "मी हुडाक. कधी येतोस?" एवढंच म्हणाला आणि उत्तर ऐकून कॅलेंडरवर खूण केली.

गुरुवारी सकाळी आम्ही टेकडीवर गेलो. गसचा ट्रक आधीच आला होता, मागे हवेचा पंप धडधडत होता. त्याने दगडावर रबराचं जाड शीट चिकटवलं होतं आणि त्यात चार अंकांच्या आकाराची भोकं कापली होती. त्या भोकांवर नळीतून वाळूचा फवारा मारायचा. रबर वाळू परतवतं, दगड झिजतो.

"जन्मवर्षाइतकंच खोल जायला हवं," गस मला म्हणाला, "नाहीतर नवं-जुनं ओळखू येतं. दीड सूत, जेमतेम पाव इंचही नाही. तू शास्त्रज्ञ ना? झाल्यावर तू मोज. मी माझंच मोजलं तर एमिल विश्वास ठेवायचा नाही. तीस वर्षं माझ्या ग्लासात हा मापाने ओततोय."

"तुला मापानेच ओतावं लागायचं," काका म्हणाला.

गसने तोंडावर जाळी ओढली आणि सुरुवात केली. पहिला दोन. शून्य. दुसरा दोन. धूळ पांढरी होती आणि वाऱ्याने मेरी कोलारच्या दगडाकडे जात होती. तिसरा अंक झाल्यावर त्याने नळी बंद केली, जाळी वर केली आणि काकाकडे बघितलं.

"शेवटचा तू करतोस?"

"मला येत नाही."

"त्यात येण्यासारखं काही नाही. सरळ धर, वरून खाली ने. मी सांगेन तेव्हा थांब."

त्याने स्वतःची जाळी काढून काकाच्या डोक्यावर बसवली, हातमोजे दिले आणि त्याच्या कोपराखाली हात धरून उभा राहिला. काकाने नळी धरली. सुरू झाल्यावर त्याचे खांदे एकदा हलले, मग स्थिर झाले. वरून खाली. पुन्हा वरून खाली. गसने हात वर केला. काकाने बघितलं नाही. गस ओरडला, "बास, एमिल!" पंपाच्या आवाजात ते ऐकू गेलं नसेल. गसने वाकून झडप बंद केली.

रबर सोलून काढलं. गसने ओल्या फडक्याने दगड पुसला आणि खोली मोजायची पट्टी माझ्या हातात दिली. मी गुडघ्यांवर बसले. प्रत्येक अंकाची तीन ठिकाणी खोली घेतली.

"बोल, प्रोफेसर," काका म्हणाला.

पहिले तीन अंक दीड सूत. शेवटचा एक, अडीच सूत.